यूटीव्हीला एअरलेस टायर: पंक्चर गेलं, पण प्रेशर कमी-जास्त करायची सोयही गेली

यूटीव्ही (आडरानात सामान वाहायची छोटी उघडी गाडी) किंवा एटीव्ही (हँडलवाली चारचाकी बाईक) वापरणारे चार लोक जमले की हा विषय निघतोच, एअरलेस म्हणजे बिनहवेचे टायर टाकू का नको. मी माझ्या कामाच्या यूटीव्हीला चारही चाकं एअरलेस टाकलीत आणि उन्हात, पावसात, दगडात, चिखलात सगळीकडे वापरलीत, त्यामुळे सविस्तर लिहितोय. वेळ नसेल तर एवढंच वाचा. गाडी हळू चालते, वजन वाहते आणि रोज काटे, खुंट, दगड यांतून जाते, तर बिनधास्त घ्या. गाडी वाळूत घालायची असेल, खोल चिखलात न्यायची असेल किंवा मोकळ्या ट्रॅकवर पळवायची असेल तर घेऊ नका, हवेचाच टायर चांगला. बाकी सगळं याचं स्पष्टीकरण आहे, पण ते वाचाच असं सांगेन, कारण विकणारे पंक्चरबद्दल तासभर बोलतात आणि प्रेशरबद्दल एक अक्षर काढत नाहीत, आणि खरी गोम तिथेच आहे.

माझ्या गाडीचं काम म्हणजे कुंपणाचे खांब, तारेची भेंडोळी, पाण्याची टाकी, हत्यारं असलं सगळं आडरानात नेऊन टाकायचं. रस्ता असा नाहीच, जिथे झुडपं तोडलीत तिथून वाट. आता झुडूप तोडलं की जमिनीत राहतो तो खुंट, तिरका तासलेला आणि वाळल्यावर खिळ्यासारखा कडक, आणि हाच खुंट टायरचा खरा शत्रू आहे. काटा ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात, घुसला तर प्लग मारून दहा मिनिटांत पुढे जाता येतं, टायरमध्ये आधीच सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं द्रव, टाकलं असेल तर बारीक काट्याचं तर कळतही नाही. पण खुंट लागतो साईडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, आणि साईडवॉल फाटली की प्लगही टिकत नाही आणि सीलंटही नुसतं बाहेर सांडतं. टायर गेलाच. आणि हे होणार कुठे, तर गाडी मागे भरलेली, जमीन तिरकी, जॅक लावायला सपाट जागा नाही अशाच ठिकाणी. ज्यांच्यावर ही वेळ येऊन गेलीये त्यांना एअरलेस का सुचतं ते वेगळं सांगायला नको.

तर हे टायर असतात कसे. टायर आणि रिम असे दोन वेगळे भाग नसतातच, सगळं एकसंध चाक येतं. मध्ये हब, ज्याला व्हील नट लागतात, हबभोवती पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचे, लवचिक स्पोक, स्पोकच्या बाहेर एक मजबूत लवचिक कडं आणि त्यावर नेहमीसारखं रबराचं ट्रेड. काही डिझाईनमध्ये स्पोक सरळ पट्ट्यांसारखे असतात, काहींत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. बघणाऱ्याला वाटतं की गाडीचं वजन खालच्या स्पोकवर उभं असतं, पण पट्टीच्या स्पोकवाल्या डिझाईनमध्ये बरोबर उलटं असतं. खालचे स्पोक दुमडतात, त्यांच्यावर वजन जवळपास येतच नाही, आणि हब वरच्या स्पोकना लटकलेला असतो. वरचे स्पोक ताणले जातात, ताण बाहेरच्या कड्यात जातो आणि कडं ते वजन जमिनीवर पसरवतं. एकदा कोणाला तरी गाडी अगदी हळू चालवायला सांगून बाजूला बसून चाकाकडे बघा. दगडावर चाक आलं की खालचे तीन-चार स्पोक एस आकारात वाकतात, दगड कड्याला आत ढकलतो, आणि चाक पुढे सरकलं की एकेक स्पोक सरळ होत जातो, सगळं इतकं शांतपणे होतं की बघत राहावंसं वाटतं. इंजिनियरिंग म्हणून हे फार सुंदर काम आहे, त्यात वादच नाही.

कल्पना नवीन नाही हेही सांगतो. मिशेलिन या टायर कंपनीने ट्वील नावाचं आपलं बिनहवेचं चाक २००५ मध्ये जगापुढे आणलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की आता कारचे टायर बदलणार, पण प्रत्यक्षात ते जमलं स्किड स्टीअर लोडर (माती-सामान उचलणारं छोटं मशीन), गवत कापायच्या मशीन आणि यूटीव्ही असल्या हळू गाड्यांत. २०१४ मध्ये त्यांनी अमेरिकेत साऊथ कॅरोलिनातल्या पीडमॉन्टला त्याचा खास कारखानाच उघडला. दुसरीकडे एटीव्ही-यूटीव्ही बनवणाऱ्या पोलारिसने २०१२ मध्ये विस्कॉन्सिनची रेझिलियंट टेक्नॉलॉजीज ही कंपनी घेतली, जी सैन्याच्या गाड्यांसाठी जाळीचे टायर बनवत होती, आणि २०१३ मध्ये स्पोर्ट्समन डब्ल्यूव्ही८५० नावाची एटीव्ही दाखवली, टेरेनआर्मर टायर लावलेली. त्यांचा दावा असा की पॉईंट पन्नास कॅलिबरची गोळी टायरमधून गेली तरी गाडी पुढे ३५० मैल, म्हणजे साधारण ५६० किमी चालली. आणि अजून मागे जायचं तर १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर चंद्रावर जी गाडी गेली तिची चाकंही बिनहवेचीच, जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा विणून केलेली, वर टायटॅनियमच्या पट्ट्या ग्रिपसाठी. पण या सगळ्यांत एक सारखेपणा बघा. चंद्रावरची गाडी तासाला साधारण १३ किमीने चालायची, लोडर त्याच्या आसपास, सैन्याला वेगापेक्षा परत येण्याची खात्री हवी. जिथे जिथे एअरलेस यशस्वी झालंय तिथे वेग कमी आहे आणि थांबणं परवडत नाही. माझाही अनुभव नेमका हाच.

आता चांगलं आधी. पंक्चर हा विषय डोक्यातून जातो. हे वाक्य वाचायला साधं वाटतं पण कामाच्या गाडीत याचा अर्थ फार मोठा आहे, कारण पंक्चरमध्ये नुसता टायर जात नाही, अख्खा दिवस जातो, मागे माणसं खोळंबतात, सामान तिथेच पडतं. आता गाडी काट्यांच्या ढिगावरून सरळ नेतो. ट्रेडमध्ये खिळे, तारेचे तुकडे रुतलेले दिसतात, पक्कड घेऊन उपटायचे आणि विसरायचं. सकाळी प्रेशर गेज घेऊन चार चाकं तपासणं बंद, थंडीत प्रेशर उतरलं का बघणं बंद, कॉम्प्रेसर, प्लग किट, जादा टायर यांची जागा रिकामी झाली आणि तिथे आता चेनसॉ बसते.

दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो पण त्याबद्दल लोक कमी बोलतात. हवेचा टायर कमी प्रेशरवर तिरक्या उतारावर आडवा चालवला की त्याची कड रिमवरून निसटायची भीती असते, आणि उतारावर चालत्या गाडीचा टायर रिमवरून उतरणं ही पंक्चरपेक्षा धोक्याची गोष्ट आहे. एअरलेसमध्ये निसटायला काही नाहीच. शिवाय आडवा कडकपणा चांगला असतो, म्हणजे वरखाली दबतो पण बाजूला लुळा पडत नाही, त्यामुळे आडव्या उतारावर भरलेली गाडी जी डुलायची ती आता डुलत नाही. स्टीअरिंग फिरवलं की चाक लगेच वळतं. हे मला पहिल्या वळणावरच जाणवलं.

तिसरं, बिघाड एकदम होत नाही. हवेचा टायर असतो नाहीतर नसतो. इथे एखादा स्पोक तुटला तर बाकीचे भार वाटून घेतात, गाडी घरापर्यंत येते. माझ्या मागच्या एका चाकाचा एक स्पोक कडेने चिरत गेलाय, लोखंडी खांबाचं टोक लागलं असावं, आणि त्या चाकावर मी अजून काम करतोय, फक्त चीर वाढतेय का ते अधूनमधून बघतो. पण याची दुसरी बाजू अशी की याची दुरुस्ती नाही. चिकटवून, व्हल्कनाईझ करून काही होत नाही. चाक बदलायची वेळ आली की अख्खं चाकच बदलायचं.

आता मूळ मुद्दा, प्रेशर. ऑफ-रोडवाल्याच्या हातात जी हत्यारं असतात त्यात डिफरेन्शियल लॉक आहे, लो रेंज आहे, विंच आहे, पण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त उपयोगी हत्यार आहे टायरमधली हवा. का, ते हिशोबाने बघा. हवेचा टायर जमिनीवर जेवढा दाब देतो तो ढोबळमानाने आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. समजा एका चाकावर ३०० किलो वजन आहे आणि आत २० पीएसआय हवा आहे, म्हणजे साधारण १.४ किलो दर चौरस सेंटीमीटरला. ३०० भागिले १.४, म्हणजे जमिनीला चिकटलेला भाग साधारण २१४ चौरस सेंटीमीटर. आता हवा १० पीएसआयवर आणली की तोच भाग हिशोबाने ४२८ होतो. प्रत्यक्षात साईडवॉलही थोडं वजन उचलते म्हणून बरोबर दुप्पट होत नाही, पण भरपूर वाढतो, आणि तो वाढतो मुख्यतः लांबीत, त्यामुळे मऊ जमिनीत चाक खड्डा न करता वरून तरंगत जातं. म्हणूनच रस्त्यावर तीसच्या वर प्रेशर ठेवणारे जीपवाले वाळू आली की पंधरा-अठरावर येतात, म्हणूनच एटीव्हीच्या फुग्यासारख्या टायरला कंपनीच पाच-सात पीएसआय सांगते.

एअरलेस टायरमध्ये हे सगळं कारखान्यातच ठरलेलं असतं. त्याचा कडकपणा एकच. वाळू आली तरी तोच, खडक आला तरी तोच, रस्ता आला तरी तोच. बनवणाऱ्याने मधला आकडा धरलेला असतो आणि तुम्ही तो बदलू शकत नाही. घट्ट मातीवर, मुरूमावर, दगडावर, गवतावर याचा काही त्रास नाही, उलट दगडावर ग्रिप छान मिळते कारण कडं दगडाभोवती बसतं. पण कोरड्या नदीपात्रातल्या मऊ वाळूत नेली आणि तिथे फरक स्पष्ट दिसला. हवेच्या टायरवर जिथे मी व्हॉल्व्हची पिन दाबून प्रेशर उतरवायचो आणि सरळ निघायचो तिथे आता चाक खणायला लागतं. थ्रॉटल सोडायचा, मागे यायचं, जुन्या चाकोरीतून परत प्रयत्न करायचा, नाहीतर चाकाखाली घालायच्या पट्ट्या, म्हणजे ट्रॅक्शन बोर्ड, काढायचे. अडकल्यावर पुढे करण्यासारखं हातात काही नसतं, आणि हे मला पंक्चरइतकंच खुपतं. वाळू माझ्या कामात क्वचितच येते म्हणून चालून जातं. तुमच्या वाटेत रोज वाळू असेल तर हा टायर तुमच्यासाठी नाहीच, कोणी कितीही सांगू दे.

याच्याशीच जोडलेली गोष्ट म्हणजे वजन. हवेच्या टायरमध्ये सामान जास्त असेल तर दोन-चार पीएसआय वाढवतो, रिकामी असेल तर कमी करतो. इथे एकच सेटिंग, आणि ते साहजिकच भरलेल्या गाडीच्या हिशोबाचं असतं. त्यामुळे माझी गाडी भरलेली असते तेव्हा अप्रतिम चालते, मऊ, स्थिर, आणि तीच रिकामी परत येते तेव्हा बारीक खडीवर दातांपर्यंत हादरे येतात. मोठे दगड तो छान गिळतो पण बारीक सततचा खडबडाट गिळत नाही. दिवसभर रिकामी गाडी फिरवणाऱ्याला पाठीचा त्रास असेल तर आधी कोणाची तरी चालवून बघा.

चिखलाबद्दल बोलायलाच हवं. स्पोक आरपार उघडे असतात, म्हणजे चिखल आत जाणारच. पातळ चिखल जातो आणि निघूनही जातो, स्पोक वाकतात-सरळ होतात तेव्हा स्वतःच ढकलून टाकतात, हे मी बघितलंय. पण चिकण माती असेल तर ती आत बसते, आणि गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी विटेसारखी घट्ट होते. मग दोन गोष्टी होतात. एक, जिथे माती भरलीये तिथले स्पोक दुमडूच शकत नाहीत, म्हणजे चाकाचा एक भाग कडक आणि एक मऊ. दोन, चाकाचा बॅलन्स जातो आणि जरा वेग घेतला की स्टीअरिंग थरथरतं. मी आता गाडीत एक लांब बोथट लाकडी काठी ठेवतो आणि चिखलाचं काम झालं की माती ओली असतानाच प्रत्येक खणातून काठी आरपार घालून माती बाहेर ढकलतो. स्क्रू ड्रायव्हर किंवा लोखंडी सळी वापरू नका, स्पोकच्या कडेला ओरखडा गेला की चीर तिथूनच सुरू होते. प्रेशर वॉशर असेल तर आतल्या बाजूने, म्हणजे ब्रेकच्या बाजूने मारा, बाहेरून मारलं की अर्धी माती आत सस्पेन्शनवर जाऊन बसते. बर्फात चालवणाऱ्यांनाही हाच प्रकार होणार, बर्फ आत भरून गोठला की तीच कथा.

आणि काटक्या. मनगटाएवढी फांदी स्पोकमध्ये आडवी घुसली की चाकाबरोबर फिरते आणि ब्रेकच्या पाईपला किंवा शॉकला आपटते. बाहेरून झाकण असलेली किंवा बंद जाळीची डिझाईन असतात, झाडीत काम करणाऱ्यांनी तशीच बघावीत असं माझं स्पष्ट मत आहे. माझी उघडी आहेत, त्यामुळे फांद्यांच्या ढिगातून जाताना एक कान चाकाकडे ठेवावा लागतो आणि टकटक आली की थांबून बघावं लागतं.

वेगाचं काय. पॉलियुरेथेन प्रत्येक फेरीला वाकतं आणि सरळ होतं, आणि वाकवायला लागलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही, काही उष्णता होऊन आतच राहते. वेग वाढला की सेकंदाला जास्त वेळा वाकणार, जास्त तापणार, आणि तापलेलं प्लास्टिक मऊ पडतं. म्हणून या टायरवर कमाल वेगाची मर्यादा लिहिलेली असते आणि ती गंभीरपणे घ्यायची असते, मिशेलिनच्या यूटीव्हीच्या ट्वीलला ती तासाला ६० किमीच्या आसपास आहे. एका जागेवरून दुसरीकडे डांबरी रस्त्याने लांब जायचं असेल आणि गाडी भरलेली असेल तर मी तेवढाही वेग घेत नाही, मध्ये थांबून हबजवळ हात लावून बघतो. आवाजही येतो, डांबरावर एक सलग गुणगुण, प्रत्येक स्पोक जमिनीवर येतो-जातो त्याची. आडरानात ऐकू येत नाही, कडक रस्त्यावर मात्र शेजारच्याशी मोठ्याने बोलावं लागतं.

चाकाचं स्वतःचं वजनही बघा. माझा सेट जुन्या टायर-रिमपेक्षा जड आहे आणि हे वजन सस्पेन्शनच्या खालचं, शिवाय फिरणारं. पिकअप थोडा मंदावला, चढावर इंजिनची ताकद चाकांकडे नेणाऱ्या बेल्टवर ताण जास्त येतो, ब्रेक लावताना जरा आधीपासून दाबावं लागतं. शॉकचं सेटिंग मी थोडं बदलून घेतलं तेव्हा पुढचं चाक खड्ड्यातून परत वर येताना आपटायचं थांबलं. आमच्या मेकॅनिकने चाकं बसवताना हातात धरूनच सांगितलं होतं, "साहेब, ही चाकं घातली की बेल्ट आणि बॉल जॉईंट जरा लवकर लवकर बघत जा," आणि तो सल्ला अगदी योग्य होता.

ट्रेडची निवड हा अजून एक दुखरा भाग. हवेच्या टायरमध्ये चिखलाचा वेगळा, दगडाचा वेगळा, गवताचा वेगळा, हवा तो घ्या आणि त्याच रिमवर चढवा. एअरलेसमध्ये तुमच्या गाडीच्या मापाचं जे मिळतं त्यात एखाद-दुसरंच पॅटर्न असतं. ट्रेड झिजायचा वेग मात्र चांगला आहे, कारण जमिनीवरचा दाब सगळीकडे सारखा पडतो, मधलंच झिजलं किंवा कडाच झिजल्या असं होत नाही, जे प्रेशर चुकलं की हवेच्या टायरला हमखास होतं. माझी चाकं सारखी झिजतायत, हे निरखून बघितलंय.

विकत घेतानाचा अनुभव मात्र चांगला नव्हता. ज्या दुकानातून घेतली तिथे मला सांगितलं की कुठल्याही जमिनीवर चालेल, वाळूत तर उत्तम. वाळूत उत्तम! प्रेशर उतरवायची सोय नसलेला टायर वाळूत उत्तम कसा असेल याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. भार क्षमतेचा कागद मागितला तर तो यायला चार फोन करावे लागले. ज्या वस्तूवर आपण भरलेली गाडी घेऊन उतारावर जाणार आहोत तिची भार क्षमता आणि कमाल वेग हे दोन आकडे आधी टेबलावर यायला हवेत, मग बाकीची चर्चा.

पंक्चरवर हा एकच उपाय आहे असंही नाही, तेही सांगायला हवं कारण एअरलेसची किंमत साध्या टायरच्या कितीतरी पट आहे. जुन्याच टायरमध्ये व्हॉल्व्हमधून पातळ पॉलियुरेथेन भरून ते आत घट्ट होऊ देतात, ते फोम फिलिंग. पंक्चर नाही, पण टायर भयंकर जड होतो, हादरे जसेच्या तसे अंगात येतात आणि झिजल्यावर टायर कापून काढण्याशिवाय मार्ग नाही. अवजड मशीनला ठीक, यूटीव्हीला मी लावणार नाही. रॅलीच्या बाईकवाले टायरच्या आत फोमचं कडं घालतात, त्याला मूस म्हणतात, ते हलकं असतं पण आत जेल लावावं लागतं, उष्णतेने झिजतं आणि मधूनमधून बदलावं लागतं, म्हणजे ते स्पर्धेसाठी. आणि तिसरा, सगळ्यात साधा उपाय म्हणजे जास्त प्लायचे, म्हणजे आत जास्त थर असलेले, जाड साईडवॉलचे टायर, आत सीलंट, सोबत प्लग किट आणि छोटा कॉम्प्रेसर. ज्यांना महिन्या-दोन महिन्यांतून एखादं पंक्चर होतं त्यांनी याच्या पुढे जाऊच नये. पैसे वाचतील आणि वाळूत प्रेशर उतरवायची सोयही राहील.

जीप किंवा मोठी एसयूव्ही घेऊन ट्रेलवर जाणारे मला विचारतात की आमच्यासाठी काय. त्यांच्या गाडीला हायवेवरही जायचं असतं आणि ट्रेलवरही, आणि ही दोन्ही कामं एका ठरलेल्या कडकपणात बसत नाहीत. मिशेलिन आणि जनरल मोटर्सनी २०१९ मध्ये अप्टिस नावाचा एअरलेस दाखवला, पुढे सिंगापूरमध्ये डीएचएलच्या डिलिव्हरी व्हॅनवर तो चालवूनही बघितला, पण तो गुळगुळीत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी आहे, दगडधोंड्यांसाठी नाही. इंटरनेटवर मोठ्या जीपला एअरलेस लावलेले व्हिडिओ दिसतात, दगडावर हळू चढताना ते छान दिसतात, पण तीच गाडी नंतर हायवेने घरी जाताना त्यात दाखवत नाहीत. रोज रस्त्यावर चालणाऱ्या जीपला सध्या तरी हवेचेच टायर ठेवा. शिवाय तुमच्याकडे सार्वजनिक रस्त्यावर अशा चाकांना परवानगी आहे का ते आधी विचारा.

मार्क द्यायचे तर कामाच्या, हळू चालणाऱ्या, भरलेल्या गाडीसाठी मी ५ पैकी ४ देईन, एक मार्क चिखल काढायच्या कटकटीसाठी कापला. फिरायला, मजेसाठी, वेगासाठी वापरायच्या गाडीला ५ पैकी २, आणि तेही फक्त आडव्या उतारावरच्या स्थिरतेसाठी. मी स्वतः जुने हवेचे टायर रिमसकट ठेवून दिलेत, वाळूकडचं काम निघालं की चाकं बदलून जातो, चार चाकांचे नट काढायला-लावायला फार वेळ लागत नाही. हे परवडत असेल तर सगळ्यात उत्तम सोय हीच.

घेणार असाल तर बोल्ट पॅटर्न (नटांच्या भोकांची मांडणी) आणि ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं) जुळतोय का ते बघा, हबच्या आत ब्रेक कॅलिपरला जागा राहते का ते प्रत्यक्ष चाक लावून फिरवून बघा, कारण या हबचा आतला आकार साध्या रिमपेक्षा वेगळा असू शकतो. चारही चाकं एकदमच बदला, दोन हवेची दोन बिनहवेची असं करू नका, व्यास थोडा जरी वेगळा निघाला तरी फोर व्हील ड्राईव्हमध्ये गिअर आणि शाफ्टवर उगाच ताण येतो. जादा चाक निदान एक तरी घेऊन ठेवा कारण दुरुस्ती नाही आणि मागवलेलं चाक यायला वेळ लागतो. गाडी बराच काळ उभी राहणार असेल तर सावलीत लावा, पॉलियुरेथेनला कडक ऊन मानवत नाही. नट टॉर्क रेंचनेच आवळा, आणि पहिल्या दिवशी भरलेली गाडी चालवून आल्यावर परत एकदा तपासा, माझ्या चाकांचे नट तेव्हा थोडे थोडे फिरले होते.